वादळाच्या आधीचं रडणं : बरोक संगीतातलं हवामान कसं ऐकावं

इटालियन संगीतकार विवाल्दीच्या 'उन्हाळा' या कॉन्चेर्तोत, म्हणजे एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचनेत, मेंढपाळ रडतो, तेव्हा पावसाचा थेंबही पडलेला नसतो. वारा नुसता फिरलेला असतो. वादळ येणार हे त्याला कळून चुकलेलं असतं, आणि ते प्रत्यक्ष कोसळायला अजून अख्खा एक भाग बाकी असतो. बरोक संगीतातलं, म्हणजे साधारण १६०० ते १७५० या काळातल्या युरोपीय संगीतातलं हवामान ऐकायचं असेल तर ही गोष्ट आधी मनात धरा : तिथली वीज, गारा, बर्फ हे सगळं कुणाच्या तरी डोक्यावर आलेलं असतं आणि संगीतकाराचं लक्ष त्या माणसाकडे असतं. नवा श्रोता पक्षी आणि विजा मोजत बसतो, आणि माणूस त्याच्या हातून निसटतो.

पुढच्या पायऱ्या पाश्चात्त्य संगीत न शिकलेल्यांसाठी आहेत. घरात पेटी किंवा साधा कीबोर्ड असेल तर जवळ घेऊन बसा, दोन ठिकाणी तो लागेल.

पायरी १ : नेमकं काय लावायचं

अंतोनियो विवाल्दीचे ऋतूंवरचे चार कॉन्चेर्तो १७२५ साली ॲमस्टरडॅमला ल सेन या प्रकाशकाने छापले. बारा कॉन्चेर्तोंच्या संचातले (ओपस ८) हे पहिले चार. सगळे मिळून सुमारे ४० मिनिटांचे आहेत. एका बैठकीत चारही ऐकू नका. तिसऱ्यापर्यंत कान थकतो आणि मग सगळी वादळं सारखीच वाटायला लागतात.

इंटरनेटवर शोधताना नावावर विसंबू नका. 'विवाल्दी स्टॉर्म' या नावाने फिरणारा तुकडा बहुतेक वेळा 'उन्हाळ्या'चा शेवटचा भाग असतो, आणि त्यावर 'हिवाळा' असं लेबल लावलेलंही सर्रास दिसतं. शोधायचं ते क्रमांकाने. विवाल्दीच्या रचनांना आरव्ही क्रमांक असतात : वसंत २६९, उन्हाळा ३१५, शरद २९३, हिवाळा २९७.

सुरुवात ३१५ पासून करा. 'वसंत' कॉलर ट्यूनपासून लिफ्टपर्यंत इतका वाजलेला आहे, की तो नव्याने ऐकायला वेगळी मेहनत पडते. एकाच कॉन्चेर्तोची दोन ध्वनिमुद्रणं निवडा : एक आधुनिक वाद्यांवरचं, उदाहरणार्थ इ मुझिची या इटालियन मंडळींचं, दुसरं जुन्या धाटणीच्या वाद्यांवरचं, उदाहरणार्थ इल जार्दिनो आर्मोनिको किंवा फाबियो बियोंदी आणि एउरोपा गालांते यांचं. जुन्या व्हायोलिनला आतड्याच्या तारा असतात आणि गजाची घडण वेगळी असते, त्यामुळे आवाजात खरखर आणि धार जास्त येते. थंडी आणि वारा यांना ती धार लागतेच.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. हा नखरा नव्हे. 'वसंत'च्या दुसऱ्या भागात मेंढपाळ झोपलेला आहे, व्हायोलिन पानांची सळसळ करताहेत आणि त्याचा कुत्रा भुंकतो आहे. ते भुंकणं एकट्या व्हायोलाकडे (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या आवाजाचं वाद्य) दिलं आहे, आणि विवाल्दीने तिथे लिहून ठेवलंय की हे सतत खूप जोरात आणि ओरबाडल्यासारखं वाजवावं. चेलो (खर्जातलं मोठं गजाचं वाद्य) आणि हार्पसिकॉर्ड (तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य) या भागात गप्प असतात, म्हणून खालच्या अंगाला फक्त तो कुत्राच उरतो. छोट्या स्पीकरवर तो मांजराएवढा होतो.

पायरी २ : आधी सॉनेट, मग संगीत

प्रत्येक कॉन्चेर्तोबरोबर चौदा ओळींचं एक इटालियन सॉनेट छापलेलं आहे. कवीचं नाव दिलेलं नाही. ते खुद्द विवाल्दीचं असावं असा अनेकांचा तर्क आहे. सॉनेटच्या ओळींशेजारी मोठी अक्षरं आहेत आणि तीच अक्षरं स्वरलिपीत त्या त्या जागी आहेत. म्हणजे कुठल्या ओळीचं चित्र कुठे सुरू होतं, हा अंदाज बांधायचा प्रश्नच नाही, विवाल्दीने बोट ठेवून दाखवलं आहे. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर स्वरलिपी फुकट मिळते. ती वाचता आली नाही तरी हरकत नाही. वर छापलेले इटालियन शब्द शोधा आणि भाषांतराच्या ॲपमध्ये घाला.

आधी सॉनेट वाचा, मग एकदा नुसतं ऐका, आणि तिसऱ्या खेपेला सॉनेट हातात घेऊन ऐका. पहिल्याच वेळी कागद डोळ्यांसमोर असला की कान कागदावरच्या शब्दांना पुरावा शोधत राहतो.

पायरी ३ : 'उन्हाळा', मिनिटामिनिटाने

हा कॉन्चेर्तो साधारण साडेदहा मिनिटांचा, तीन भागांचा. सूर जी मायनर. आपल्या भाषेत पांढरी पाच हा सा धरून आसावरी थाटाच्या जवळपास, म्हणजे गंधार, धैवत, निषाद कोमल. मात्र शुद्ध निषादही वारंवार येतो.

पहिला भाग. सुरुवातीला काहीच घडत नाही, आणि तेच ऐकायचं आहे. दोन-दोन सूर खाली घसरतात, मध्ये पोकळी राहते, पुन्हा दोन सूर. स्वरलिपीत इथे 'उष्म्याने आलेली ग्लानी' असं लिहिलं आहे. ही धाप आहे. आवाज अगदी बारीक असतो, म्हणून बरेच जण इथेच आवाज वाढवतात आणि पुढच्या झटक्याला दचकतात. वाढवू नका.

मग एकल व्हायोलिन कोकिळेला आणतं. घाईघाईच्या सुरांच्या धारेत दोन सुरांची हाक दडलेली असते; एकदा सापडली की पुन्हा हरवत नाही. त्यानंतर होला आणि मग गोल्डफिंच नावाचा छोटा पक्षी, तो वरच्या सप्तकात झर्रकन फिरक्या घेतो. मधूनमधून सुरुवातीची ग्लानी परत येते. बरोक कॉन्चेर्तोची ही रीतच आहे : वाद्यवृंदाचं एक पालुपद असतं आणि त्याच्या मधल्या जागांत एकल वाद्य स्वतःचं काही सांगतं. इथे पालुपद उष्म्याचं आहे, म्हणून पक्षी गात असतानाही उकाडा कमी होत नाही.

मंद झुळूक येते. ती विसावते न विसावते तोच उत्तरेचा वारा तिच्यावर तुटून पडतो. आणि मग सगळे थांबतात. एकल व्हायोलिन आणि खाली फक्त चेलोचा आधार, एवढंच उरतं. हे मेंढपाळाचं रडणं. सूर अर्ध्या-अर्ध्या पायरीने सरकतात, आधाराच्या सुराशी खटकतात, मिळाल्यासारखे होतात आणि पुन्हा खटकतात. सॉनेट स्पष्ट सांगतं की तो वादळाच्या आणि आपल्या नशिबाच्या भीतीने रडतो. आमच्या मते चारही कॉन्चेर्तोंचं मर्म या जागेत आहे, आणि वादळाची वाट पाहणारे श्रोते नेमकी हीच जागा पुढे ढकलतात. तिच्यावर थांबा, ती दोनदा ऐका.

दुसरा भाग छोटा, सव्वादोन मिनिटांच्या आसपास. थकलेल्या अंगाला झोप हवी आहे, पण लहान-मोठ्या माशा घोंघावताहेत. व्हायोलिनच्या तुटक लयीत त्या आहेत. त्यावर एकल व्हायोलिनची संथ धून. आणि मध्येच सगळा वाद्यवृंद एकाच सुरावर थरथरतो : लांबवरचा गडगडाट. संथ आणि हळू, मग झटकन जलद आणि जोरात, पुन्हा संथ. असं किती वेळा होतं ते मोजू नका. प्रत्येक गडगडाटानंतर धून परतते तेव्हा ती आधीइतकी निवांत वाटते का, तेवढं पाहा.

तिसरा भाग. सॉनेट म्हणतं, त्याची भीती अखेर खरी ठरते. गारा पडतात आणि उभ्या पिकाची कणसं छाटून टाकतात. विदर्भ-मराठवाड्यात हरभरा-गव्हावर पडणारी अवकाळी गारपीट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तीन भाग समजावून सांगायची गरज नाही. हा आपला मोसमी पाऊस नव्हे. इथे पावसाची कुणी आस धरलेली नाही, म्हणून मल्हाराच्या अपेक्षेने हे ऐकलं तर गल्लत होईल.

सगळी तंतुवाद्यं एकाच सुरावर वेगाने गज घासतात, तो थरार म्हणजे गडगडाट. वरून खाली कोसळणाऱ्या सरगमा म्हणजे वीज आणि गारा. काही जागी अख्खा वाद्यवृंद एकच सुरावट वाजवतो, हार्मनीचा, म्हणजे सोबत वाजणाऱ्या इतर सुरांचा, आधारही काढून घेतो, आणि त्या उघड्या आवाजाची ताकद वेगळीच असते. ढोल नाही, वाऱ्याचं यंत्र नाही. एकल व्हायोलिन, दोन व्हायोलिनगट, व्हायोला, चेलो-बास आणि हार्पसिकॉर्ड, एवढ्यांवर हे सारं उभं आहे. अतिवेगाने वाजवलेली ध्वनिमुद्रणं इथे फसतात. सूर सुटे ऐकू येईनासे झाले की गारा जातात आणि नुसता गोंगाट उरतो. तुमच्या दोन ध्वनिमुद्रणांत हीच जागा शेजारी ठेवून ऐका.

पायरी ४ : पेटीवर दुःख वाजवून पाहा

त्या काळात भावना ही मोजता, मांडता येणारी गोष्ट मानत. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४९ साली सहा मूळ भावना मांडल्या : विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद, दुःख. हॅम्बुर्गच्या योहान माथेसनने १७३९ च्या आपल्या ग्रंथात संगीतकारांना सांगितलं की आनंदात जीव फैलावतो, म्हणून मोठ्या उड्या घ्या. दुःखात तो आक्रसतो, म्हणून जवळजवळचे सूर घ्या.

आता पेटी. पांढरी पाच सा धरा आणि तार सा पासून सावकाश खाली या : सा, कोमल नी, कोमल ध, प. थांबा, पुन्हा वरून. हे चार सूर फिरवत ठेवणं ही विलापाची ठरलेली खूण होती. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीच्या १६३८ साली छापलेल्या अप्सरेच्या विलापात खालचा सूर अथपासून इतिपर्यंत असाच फिरतो. आता मधली एकही पट्टी न वगळता उतरा : सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड एनियास' या ऑपेरात (संगीत नाटकात) राणी मरताना जे गाते, त्याच्या तळाशी हीच उतरण आहे, पाच बारांची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), पुन्हा पुन्हा येणारी, आणि तीही जी मायनरमध्येच. वर राणी काहीही गात असो, खालची पायरी तिच्यासाठी थांबत नाही. जर्मन संगीतकार बाखने बी मायनर मास या ख्रिस्ती उपासनेच्या रचनेत ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मृत्यूसाठी अशीच उतरण तेरा वेळा फिरवली आहे.

पेटी ध्वनिमुद्रणाशी जुळत नसेल तर पेटीला दोष देऊ नका. जुन्या वाद्यांचे वादक बहुधा ४४० हर्ट्झऐवजी ४१५ ला सूर लावतात, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर खाली. तेव्हा पांढरी पाचच्या जागी काळी तीन धरा. व्हेनिसमधली पट्टी उंच असायची म्हणून विवाल्दीसाठी काही जण ४४० च ठेवतात. दोन्ही पट्ट्या दाबून बघा, कान लगेच सांगतो.

थरथरत्या एका सुराचीही अशीच एक जन्मकथा आहे. मोंतेवेर्दीने १६२४ मध्ये व्हेनिसला एका द्वंद्वयुद्धाचं संगीत रचताना एक लांब सूर सोळा तुकड्यांत फोडला आणि एकाच जागी झपाझप वाजवायला लावला. त्याला क्रोध दाखवायचा होता. त्यानंतर शंभर वर्षांनी तोच थरार विवाल्दीच्या ढगांत ऐकू येतो. म्हणून वादळ ऐकताना विचारायचा प्रश्न असा : हे आभाळ आहे, की कुणाचा संताप?

पायरी ५ : 'हिवाळा' आणि गोठलेलं रक्त

आरव्ही २९७, सूर एफ मायनर, म्हणजे पांढरी चारचा सा. सुरुवातीला खालच्या वाद्यांपासून वर एकेक जण दाखल होतो, सगळे कोरडे, सुटे, सारखे सूर वाजवतात आणि नवा येणारा सूर आधीच्यांना खरचटतो. धून म्हणावी असं इथे काहीच नाही, नुसतं कुडकुडणं आहे. मग एकल व्हायोलिन झोंबरा वारा होऊन येतं. त्यानंतर थंडीने पाय आपटणं, आणि पुढे दातांचं वाजणं : एकल व्हायोलिन दोन तारांवर एकदम, अतिशय वेगाने.

दुसरा भाग फक्त अठरा बारांचा आहे. बाहेर पाऊस, आत चुलाण्याजवळ ऊब. व्हायोलिनवाले गज बाजूला ठेवून बोटांनी तारा छेडतात, ते थेंब. एकल व्हायोलिनची लांब, तृप्त धून म्हणजे आत बसलेला माणूस. काही वादक हा भाग अडीच मिनिटं लांबवतात, काही जेमतेम सव्वा-दीड मिनिटात संपवतात. संथ वाजवला की थेंब सुटे पडून पाऊस नाहीसा होतो. जरा चालतं ठेवलं तरच छपरावरची सर ऐकू येते, असं आमचं ठाम मत आहे.

तिसऱ्या भागात बर्फावरून जपून चालणं, घसरून पडणं, उठून धावणं, बर्फ तडकणं हे सगळं ओळीने येतं. मग अचानक लय सैल पडते : दक्षिणेचा उबदार सिरोक्को वारा. 'उन्हाळा' आधी नीट ऐकला असेल तर त्याच्या सुरुवातीची ग्लानी इथे ओळखू येईल. सगळे वारे एकमेकांवर तुटून पडतात आणि सॉनेट म्हणतं की हिवाळा हा असा, तरीही तो आनंद देतो.

आता लगेच विवाल्दीच्याच 'फार्नाचे' या ऑपेरातलं 'जेलिदो इन ओन्यि वेना' हे गाणं लावा. सुरुवात ऐकताच तुम्ही थबकाल, कारण हे 'हिवाळ्या'चं कुडकुडणंच आहे. पण इथे बर्फ नाही. राजा फार्नाचेने आपला मुलगा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याला मारण्याची आज्ञा बायकोला दिली होती. मुलगा मेला असं समजून तो गातो की माझ्या प्रत्येक नसेतून रक्त गारठून वाहतंय, मुलाची निष्प्राण छाया मला भिववते आहे. तेच सूर कॉन्चेर्तोत हवामान होते, इथे ते पश्चात्ताप आहेत. ही दोन्ही एकापाठोपाठ ऐकण्याइतका चांगला धडा दुसरा नाही.

त्याला जोड म्हणून पर्सेलच्या 'किंग आर्थर' (१६९१) मधलं थंडीच्या देवतेचं गाणं ऐका. जड पुरुषी आवाज प्रत्येक सूर तुटक, थरथरता गातो. पर्सेलने सुरांवर नागमोडी रेघच काढून ठेवली आहे. त्या देवतेला बर्फातून जागं करणारा कामदेव आहे, हे माहीत असलं की थरथर निव्वळ गारठ्याची राहत नाही.

इथे बहुतेकांची गल्लत होते

मायनर म्हणजे दुःख आणि मेजर म्हणजे आनंद, हा ठोकताळा बरोकमध्ये लवकर मोडतो. 'शरद'चा मधला भाग डी मायनरमध्ये आहे आणि त्यात दारू पिऊन तृप्त झोपलेले गावकरी आहेत. तारांवर म्यूट, म्हणजे आवाज दबवणारे चिमटे, लावलेले असतात आणि हार्पसिकॉर्ड हळूहळू सूर उलगडत राहतो. हेंडेलच्या 'सॉल' (१७३९) मधला शोकसंचलनाचा तुकडा चक्क सी मेजर आहे. ओपस ८ मधलाच पाचवा कॉन्चेर्तो 'समुद्रावरचं वादळ' (आरव्ही २५३) हाही मेजरमध्ये. थाटावरून भाव ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा : सूर उतरताहेत की चढताहेत, अंतरं किती, आणि शांततेच्या जागा कुठे आहेत.

प्रत्यक्ष मैफलीची संधी मिळाली, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात असे कार्यक्रम होतात, तर व्हायोला आणि चेलोवाल्यांचे हात दिसतील अशी जागा घ्या. गडगडाट कुठून निघतो ते डोळ्यांनी पाहिलं की पुढे कानांना सोपं जातं.

पायरी ६ : पॅरिसचं आभाळ

विवाल्दी पचल्यावर फ्रान्सकडे वळा, कारण तिथे युक्ती वेगळी होती. मारें मारे याने १७०६ च्या 'अल्सियोन' ऑपेरातल्या वादळासाठी सैल ताणलेल्या ढोलावर सतत घुमारा धरायला लावला आणि त्याला खर्जातल्या तंतुवाद्यांची जोड दिली. पॅरिसकर थक्क झाले, आणि वादळ हा फ्रेंच ऑपेराचा हुकमी प्रवेश होऊन बसला. रामोच्या 'लेझाँद गालाँत' (१७३५) मधलं वादळ आणि ज्वालामुखी त्याच वाटेवरचे.

शेवटी झाँ-फेरी रबेलचं 'लेझेलेमाँ' (१७३७). पंचमहाभूतं नव्हेत, चार तत्त्वं : लांब धरलेले खर्जाचे सूर म्हणजे पृथ्वी, चढउतार करणाऱ्या बासऱ्या म्हणजे पाणी, छोट्या बासऱ्यांच्या फिरक्या म्हणजे हवा आणि चपळ व्हायोलिन म्हणजे अग्नी. पण ही तत्त्वं वेगळी होण्याआधीचा कल्लोळ दाखवण्यासाठी रबेलने पहिल्याच ठोक्याला डी मायनरचे सातही सूर एकदम वाजवले आहेत. पेटीवर करून बघा. पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंतच्या पाच पांढऱ्या पट्ट्या, त्यापुढची काळी पाच, आणि वरच्या सप्तकातली काळी एक, अशा सात पट्ट्या एकदम दाबा. भाता पूर्ण भरलेला हवा आणि दुसऱ्या कुणाला तरी तो ओढायला सांगा, दोन्ही हात पट्ट्यांवरच लागतात. मग ध्वनिमुद्रण लावा. आधी ते सगळे सूर एकत्र गुरगुरतील, मग एकेक तत्त्व त्यातून डोकं वर काढेल आणि पुन्हा बुडेल. ही उलाढाल साधारण सहा मिनिटं चालते. प्रत्येक खेपेला एकच तत्त्व निवडा आणि त्याच्याच मागे राहा. पाण्यापासून सुरुवात केलेली बरी, बासऱ्या पटकन ओळखता येतात.